डिजिटल लायब्ररीचं उद्घाटन झालं, आता त्यात ठेवायचं काय?

कुठल्याही कॉलेजची वेबसाइट उघडा, वरच्या मेन्यूत कुठेतरी "डिजिटल लायब्ररी" असं बटण असतंच. ते दाबल्यावर पुढे काय निघेल हे मात्र नशिबावर आहे. कधी बाहेरच्या फुकट साइट्सच्या लिंकांची लांबलचक यादी निघते, त्यातल्या निम्म्या कधीच्या बंद पडलेल्या, कधी एक लॉगिनचं पान ज्याचा पासवर्ड लायब्ररीतल्या एकाच माणसाला माहीत आणि तो नेमका रजेवर, आणि कधी नुसताच उद्घाटनाचा फोटो. फोटो छान असतो, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यात काय ठेवायचं हा प्रश्न कुणी विचारतच नाही याची. सर्व्हर कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, किती टीबी जागा, किती कॉम्प्युटर, यावर मीटिंगा होतात. पण ज्या संस्थेत पन्नास-साठ वर्षं शिकणं-शिकवणं चाललंय तिच्याकडे स्वतःचं असं काय आहे, जे तिने जपलं नाही तर जगात दुसरं कुणीच जपणार नाही, याची यादी करायला कुणी बसत नाही. माझ्या मते डिजिटल लायब्ररीची सुरुवात या यादीपासून झाली पाहिजे. बाकी सगळं नंतर.

आधी एक घोळ सोडवू. "डिजिटल लायब्ररी" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी ढकलल्या जातात. एक म्हणजे वर्गणी भरून मिळणारी ई-जर्नल्स, ई-बुक्स, डेटाबेस. ते पाहिजेतच, त्यांच्याशिवाय संशोधन होत नाही, पण ते आपलं नसतं, भाड्याचं असतं. बहुतेक करारांत वर्गणी थांबली की नवं काही मिळत नाही आणि जुन्याचं काय होणार ते बारीक अक्षरातल्या कलमात लिहिलेलं असतं जे सही करताना सहसा कुणी वाचत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रिपॉझिटरी, म्हणजे संस्थेने स्वतः निर्माण केलेलं किंवा फक्त तिच्याकडेच असलेलं साहित्य नीट नोंदवून, कायमच्या पत्त्यावर, शक्यतो सगळ्यांना वाचता येईल असं ठेवणं. पहिली गोष्ट पैशाने होते, दुसरी पैशाने होत नाही, निदान नुसत्या पैशाने तरी नाही, आणि म्हणूनच बजेट आलं की सगळे पहिलीकडे पळतात, एका चेकमध्ये काम संपतं आणि अहवालात "अमुक हजार ई-बुक्स उपलब्ध" असं लिहिता येतं. ती अमुक हजार ई-बुक्स शेजारच्या कॉलेजकडेही असतात, तीच, त्याच पॅकेजमधली.

आपलं असं काय असतं? पीएचडीचे प्रबंध तर आहेतच, पण त्याच्या खालच्या पायरीवरचं बघा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, ज्यांची एकच बांधीव प्रत डिपार्टमेंटच्या कपाटात असते आणि कपाट भरलं की जुनी थप्पी रद्दीत जाते. कॉलेजची वार्षिक नियतकालिकं, ज्यात पुढे नाव काढलेल्या कितीतरी लोकांचं पहिलं लिखाण असतं. सेमिनारमध्ये वाचलेले आणि कुठेच न छापलेले पेपर. वनस्पतीशास्त्राच्या लोकांनी वर्षानुवर्षं केलेल्या परिसरातल्या झाडांच्या नोंदी, भूगोलवाल्यांची गावोगावची सर्वेक्षणं, भाषेच्या विभागाने कॅसेटवर रेकॉर्ड केलेली बोलीभाषेतली माणसं. त्या कॅसेटवरची चुंबकीय पट्टी दरवर्षी थोडी थोडी खराब होतेय आणि ती वाजवायची मशीन तर त्याआधीच गेलेली असते. एखादे सर रिटायर झाले की त्यांच्या केबिनमधल्या कागदांचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

हे साहित्य "दर्जेदार" असतं का? सगळं नसतं. बरेच प्रोजेक्ट रिपोर्ट इकडून तिकडून उचललेले असतात हे मलाही माहीत आहे. पण तीस वर्षांपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने चार विहिरींच्या पाण्याची पातळी महिन्यामहिन्याला मोजून तक्ता केला असेल, तर त्याची प्रस्तावना कितीही पकाऊ असू दे, तो तक्ता आज पुन्हा बनवता येत नाही. तो काळ गेला. संशोधनात नंतर काय कामाला येईल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे "दर्जेदार तेवढंच ठेवू" म्हणणाऱ्या समित्यांचा मला जरा धसकाच आहे.

आता सॉफ्टवेअर. सगळ्यात जास्त चर्चा याची होते आणि खरं तर हा सगळ्यात सोपा भाग आहे, कारण तो प्रश्न वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच सुटलाय. 1991 साली भौतिकशास्त्राच्या लोकांनी अर्काइव्ह नावाचा पेपरांचा ऑनलाइन संग्रह सुरू करून दाखवलं की पेपर छापून यायची वाट न बघता लोक एकमेकांना वाचायला देतात. 2000 साली साउथॅम्प्टन विद्यापीठातून ईप्रिंट्स हे रिपॉझिटरीचं सॉफ्टवेअर आलं, 2002 मध्ये एमआयटी आणि एचपीने मिळून तशाच कामाचं डीस्पेस आणलं, दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, आणि आजही जगभरातल्या विद्यापीठांचं काम त्यावर चालतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने तर 2002 मध्येच ईप्रिंट्सवर आपली रिपॉझिटरी उभी केली. म्हणजे "आमच्याकडे तंत्रज्ञान नाही" ही सबब तेव्हापासूनच चालत नाही.

पण फुकट सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं म्हणजे रिपॉझिटरी झाली असंही नाही, आणि याची एक गमतीशीर खूण आहे. डीस्पेसमध्ये प्रत्येक आयटमला एक कायमचा पत्ता मिळतो, त्याला हॅन्डल म्हणतात. हा पत्ता खरोखर कायमचा व्हावा यासाठी संस्थेने आपला एक क्रमांक रीतसर नोंदवून घ्यायचा असतो, वर्षाची फी किरकोळ असते. तो घेईपर्यंत सॉफ्टवेअर तात्पुरता आकडा टाकून ठेवतं, 123456789. जगातल्या किती रिपॉझिटऱ्यांच्या लिंकमध्ये आजही हा 123456789 दिसतो ते सर्च करून बघा, चक्कर येईल. म्हणजे कुणीतरी एका दुपारी इन्स्टॉल केलं, चाललं म्हणून खूश झालं, आणि पत्त्याचा भाग "नंतर बघू" म्हणून सोडून दिला. मग सर्व्हर बदलला, डोमेन बदललं की जुन्या सगळ्या लिंक मेल्या, आणि ज्यांनी आपल्या पेपरात त्या लिंकचा संदर्भ दिला होता त्यांचा संदर्भही मेला.

याहून मोठा घोळ नोंदींचा आहे, म्हणजे मेटाडेटाचा. 1995 साली सुरुवात झालेल्या डब्लिन कोअर या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात एकूण 15 रकाने आहेत, शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, हक्क वगैरे. फॉर्म भरायला पाच-दहा मिनिटं लागतात, फार अवघड काही नाही, आणि तरीही इथेच सगळं बिघडतं. फाइलचं नाव "स्कॅन 0047" आणि शीर्षकाच्या रकान्यातही तेच. एकाच प्राध्यापकाचं नाव एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी नुसती आद्याक्षरं, तिसऱ्या ठिकाणी "प्रा. डॉ." सकट, त्यामुळे यंत्राच्या लेखी ती तीन वेगळी माणसं. तारखेच्या रकान्यात प्रबंध दिल्याची तारीख हवी तिथे अपलोड केल्याची तारीख, म्हणजे 1978 चा प्रबंध 2019 चा होऊन बसतो. विषयाच्या रकान्यात "इतर". आणि ही नोंद नुसती त्या साइटपुरती नसते, 2001 साली आलेल्या एका ठरलेल्या पद्धतीने बाहेरचे सर्च आणि संग्रह या नोंदी आपोआप गोळा करतात, म्हणजे आपण भरलेला कचरा जगभर जातो. उलट नोंद नीट असेल तर लहानशा कॉलेजातला रिपोर्टही लांबच्या कुणाला सापडू शकतो, आणि हे सगळं उभं करायचं कारणच मुळी ते आहे ना.

मराठीत, किंवा देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर यात आणखी एक दुखणं आहे, त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं कारण इंग्रजीतली मार्गदर्शकं याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा देणारी पद्धत, सर्रास वापरात यायच्या आधी, आणि खरं सांगायचं तर नंतरही कितीतरी वर्षं, प्रबंध टाइप झाले ते श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये पडद्यावर "क" दिसत असला तरी फाइलच्या आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह बसलेलं असतं. पीडीएफ केली की दिसायला सुंदर, छापायला सुंदर, पण त्यातलं वाक्य कॉपी करून दुसरीकडे टाका, इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा निव्वळ चिवडा निघतो. म्हणजे चारशे पानांचा मराठी प्रबंध सर्च इंजिनच्या दृष्टीने मराठीत नाहीच, कुठल्याच भाषेत नाही. तो इंटरनेटवर आहे, फुकट आहे, उघडा आहे, आणि कुणालाही सापडत नाही!

यावर उपाय आहेत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, जोडाक्षरांत आणि रफारांत चुका करतात पण बऱ्यापैकी काम होतं. कागदावरून स्कॅन केलेल्या पानांसाठी ओसीआर आहे, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून सर्च होईल असा मजकूर करणारं तंत्र, टेसरॅक्टसारखं फुकट सॉफ्टवेअर मराठी वाचतं. पण ओसीआरला नीट स्कॅन लागतो, निदान 300 डीपीआय (म्हणजे इंचाला 300 ठिपके), पान सरळ, पुस्तकाच्या शिवणीकडची ओळ सावलीत गेलेली नको, कोपऱ्यात कुणाचा अंगठा नको. स्कॅनिंगचं काम पानामागे पैसे या हिशेबाने बाहेर दिलं की नेमकं हेच होतं, पानं भराभर उरकली जातात, पान 112 दोनदा येतं आणि 113 येतच नाही, आणि तपासणारं कुणी नसल्यामुळे बिल पास होतं. मूळ प्रत नंतर "आता डिजिटल झालंय ना" म्हणून काढून टाकली तर संपलंच. स्कॅन झाल्यावर एका माणसाने पानं मोजायची, एवढी एक साधी पायरी पाळली तरी पुष्कळ वाचेल.

बरं, समजा सगळं तांत्रिक जमलं. तरी रिपॉझिटरी रिकामी राहते, कारण प्राध्यापक त्यात काही टाकत नाहीत. इथे लायब्ररीवाले प्राध्यापकांना दोष देतात आणि प्राध्यापक वेळ नाही म्हणतात. मला वाटतं दोघांचंही चुकत नाही, नियमच चुकलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी 2005 मध्ये आपल्या पैशावर संशोधन करणाऱ्यांना विनंती केली की बाबांनो पेपरची प्रत आमच्या संग्रहात टाका, आणि फारच थोड्यांनी टाकली. 2008 पासून कायद्याने ते सक्तीचं झालं आणि भरणा वाढला. माणसं तीच, कामाचा बोजा तोच, फक्त विनंतीचा नियम झाला. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने तर याहून हुशार युक्ती केली. त्यांनी सांगितलं की बढतीसाठी, मूल्यमापनासाठी आम्ही फक्त तेच लिखाण धरणार जे आमच्या रिपॉझिटरीत आहे. कुणावर ओरडायची गरज नाही, नोटिसा नाहीत, जे संग्रहात नाही ते तुमच्या नावावर नाही, बस्स. हार्वर्डच्या कला आणि विज्ञान शाखेतल्या प्राध्यापकांनी 2008 मध्ये स्वतःच ठराव केला की आमच्या लेखांची प्रत विद्यापीठ उघडी ठेवू शकेल, ज्याला नको असेल त्याने त्या लेखापुरती सूट मागून घ्यावी.

आपल्याकडे नियम कमी आहेत असं नाही. यूजीसीच्या 2009 च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याची अट आली, त्यातूनच शोधगंगा हा प्रबंधांचा राष्ट्रीय संग्रह भरत गेला आणि आज तिथे काही लाख प्रबंध आहेत, ही खरोखर मोठी गोष्ट आहे, एकेका प्रकरणाची वेगळी पीडीएफ उघडत बसायचा कंटाळा येतो तो भाग वेगळा. वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमांत तर संस्थेने आपल्या वेबसाइटवर रिपॉझिटरी करावी, त्यात प्रबंध, पेपर, संस्थेची प्रकाशनं ठेवावीत असं स्पष्ट म्हटलंय. पण प्रबंधाची अट पदवीला बांधलेली होती म्हणून ती पाळली गेली, दुसरी कशालाच बांधलेली नव्हती म्हणून ती बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली. लिएजने जे केलं ते करायला एक ठराव पुरतो, पैसा लागत नाही. प्राध्यापकांना नाहीतरी दरवर्षी आपल्या कामाची माहिती पाच वेगवेगळ्या फॉर्मात भरावी लागते, ती एकदाच रिपॉझिटरीत भरा आणि बाकीचे फॉर्म तिथून काढून घ्या, असं सांगितलं तर उलट ते आशीर्वाद देतील.

दोन भीत्या हमखास पुढे येतात. पहिली, "उघडं ठेवलं तर लोक चोरतील." अहो, चोरी खरी सोपी असते ती कपाटातल्या बंद प्रबंधातून, कारण मूळ कुणी पाहिलेलंच नसतं. उघड्यावर, तारखेसकट, सर्च होईल असं असलेलं लिखाण चोरलं तर तुलना करणारी सॉफ्टवेअर ते पकडू शकतात, बंद कपाटातलं कुठलंच सॉफ्टवेअर पकडू शकत नाही. आणि कधीकधी मला अशीही शंका येते की प्रबंध उघडा ठेवायला विरोध करणाऱ्या सगळ्यांनाच आपलं चोरलं जाईल याची भीती नसते, काहींना दुसरीच भीती असते. असो.

दुसरी भीती कॉपीराइटची, आणि ती मात्र नुसती उडवून लावण्यासारखी नाही. जर्नलमध्ये छापलेला लेख, प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ, सरळ उचलून आपल्या सर्व्हरवर टाकता येत नाही. पण बरेच प्रकाशक लेखकाची स्वतःची अंतिम प्रत, म्हणजे परीक्षणानंतर मान्य झालेली पण त्यांच्या लेआउटमध्ये न बसवलेली, काही महिन्यांनी ठेवू देतात. कुठलं जर्नल काय परवानगी देतं हे शेर्पा रोमिओ या नावाने माहीत झालेल्या सेवेवर एका मिनिटात बघता येतं. अडचण एवढीच की लेखकाकडे ती अंतिम प्रत सापडत नाही, जुन्या लॅपटॉपबरोबर गेलेली असते, म्हणून लेख स्वीकारल्याची मेल आली त्याच दिवशी प्रत टाकायची सवय लागली पाहिजे. जुन्या पुस्तकांचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतात, युरोपात 70, त्यामुळे "जुनं दिसतंय ना, टाका" हा हिशेब चालत नाही. आणि हल्ली जे सर्रास दिसतं, की टेक्स्टबुकांच्या कुठून तरी डाउनलोड केलेल्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये भरायच्या आणि त्याला डिजिटल लायब्ररी म्हणायचं, त्याला साधी चोरी म्हणतात.

त्याच वेळी मी सगळं सरसकट उघडं करा असंही म्हणणार नाही. मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनात लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतात, आजार, जात, घरातले तंटे, आणि त्यांनी होकार दिला होता तो समोरच्या विद्यार्थ्याला, गुगलला नाही. वीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधाच्या परिशिष्टात गावाचं नाव आणि माणसांची नावं तशीच असतात, कारण तेव्हा ते वाचणार तीन परीक्षक. असं परिशिष्ट बंद ठेवायचं आणि बाकीचा प्रबंध उघडायचा, हे प्रत्येक नीट सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. पेटंटचा अर्ज चालू असेल तर वर्ष-दोन वर्षं कुलूप लावता येतं. हा निर्णय करायला वाचणारा माणूस लागतो, बटण नाही.

मग लोक विचारतात, शोधगंगा आहे, मोठे राष्ट्रीय संग्रह आहेत, तर प्रत्येक संस्थेने वेगळा खटाटोप कशाला? ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयांपैकी एक, पैशाची, तज्ज्ञांची कमी नाही, तरी त्यांचा कॅटलॉग महिनोन्महिने बंद पडला आणि देशभरातल्या प्रबंधांची त्यांची एथॉस ही सेवा तर फारच लांब काळ उठू शकली नाही. त्या काळात ब्रिटनमधले प्रबंध वाचायला मिळत राहिले ते प्रामुख्याने ज्या त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत प्रती होत्या म्हणून. स्टॅनफर्डच्या लोकांनी या कामासाठी एक प्रकल्पच काढला, त्याचं सूत्र एवढंच की वेगवेगळ्या जागी भरपूर प्रती ठेवा. मोठ्या संग्रहात प्रत द्यायचीच, आणि स्वतःकडेही ठेवायची. आणि बॅकअप म्हणून जी हार्ड डिस्क असते ती सर्व्हरच्याच टेबलाखाली ठेवू नका राव, आग लागली किंवा पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जातात.

शिवाय राष्ट्रीय संग्रह प्रबंध घेईल, विहिरींचा तक्ता घेणार नाही, नियतकालिकं घेणार नाही, बोलीच्या कॅसेटी तर नाहीच नाही. ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.

राहता राहिला माणूस. रिपॉझिटरीला एक माणूस लागतो, ज्याचं ते मुख्य काम आहे, "जमलं तर बघा" असं वरून टाकलेलं काम नाही. आज होतं असं की कुणीतरी उत्साही ग्रंथपाल स्वतः शिकून, रात्री जागून, लिनक्सशी झटापट करून हे उभं करतो, दोन-तीन वर्षं जोरात चालतं, मग त्याची बदली होते किंवा तो रिटायर होतो, जागा भरली जात नाही, सॉफ्टवेअर जुनं होतं, सुरक्षेचे अपडेट थांबतात, आणि एक दिवस आयटीवाले "हा सर्व्हर धोकादायक आहे" म्हणून बंद करून टाकतात, त्यांचंही चूक नसतं. त्यामुळे कुठल्या संस्थेला रिपॉझिटरीसाठी अनुदान द्यायचं असेल तर मी मशीनसाठी देऊ नका म्हणेन, पाच वर्षांच्या एका पगारासाठी द्या. लहान कॉलेजांना तेही परवडत नसेल तर आठ-दहा कॉलेजांनी मिळून एक सर्व्हर आणि एक माणूस ठेवावा, डीस्पेसमध्ये एकाच जागी प्रत्येक संस्थेचा वेगळा विभाग करता येतो, ती सोय पहिल्यापासून आहे. आणि तपासायला येणाऱ्या समित्यांनी किती ई-बुक्स आहेत हे विचारणं सोडून तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून दोनच गोष्टी बघाव्यात, शेवटचा आयटम कुठल्या तारखेला चढलाय आणि संस्थेतल्याच एखाद्या जुन्या प्रबंधातलं मधलंच एक वाक्य सर्चमध्ये टाकलं तर तो सापडतो का.